दोन लिटरचा गंज

माझं कपाटसुद्धा जुनंच, अजनीच्या एका बदली झालेल्या गार्डाकडून घेतलेलं.
आरशाचा खालचा कोपरा तडकलेला,
त्यात माझे पाय
दुसऱ्याच कुणाचे वाटतात.

मी तासिकेवर शिकवते.
तासाला पैसे, सुट्टीला शून्य,
मे महिन्याला शून्य.
तरी वर्गात उभं राहायचं तर
खांदे नीट बसलेले हवेत.

म्हणून सक्करदऱ्याचा बुधवार बाजार.
भाजीच्या रांगा संपतात,
कांद्याची टरफलं पायाखाली उडतात,
तिथं सुगंधाबाई ताडपत्री अंथरते
आणि गठ्ठा सोडते.
"तीसले एक, शंभरले चार.
पाहून घ्या जी, मंग वापस नाही होत."

पाहणं तिनंच शिकवलं.
काख आधी, कॉलर मागून.
चेन दोनदा ओढायची,
पहिल्यांदा सगळ्याच चालतात.
कापड उन्हाकडे धरायचं,
विरलेलं असेल तर ऊन सांगतं.
हळदीचा डाग असला तरी घ्यायचा,
एप्रिलमधली एक दुपार दोरीवर टाकला की
नागपूरचं ऊन धोब्याला हरवतं.
शाईचा डाग ठेवून द्यायचा.
मास्तरणीला शोभतो.

असं जमत गेलं, घाईशिवाय.
मोतिया रंगाचा एक शर्ट,
कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण:
दोन टिंबं, एक आडवी रेघ.
एका धोब्याची लिपी,
वाचणारा आता कुठं असेल.
एक कोसा, पदर जीर्ण,
पदर कापला, त्याचा कुडता झाला.
राखाडी पँट, खिशात
कुण्या डॉक्टरकडचा नंबर सतरा.
त्याची पाळी आली का, हे मात्र
पँट सांगत नाही.

महालात इद्रिस मास्टर
दातात टाचण्या धरून बोलतात,
"नवं कापड आयकत नाही मॅडम.
जुनं समजदार असते."
आणि माझ्या मापाची शिवण घालताना
आधीच्या मापाची
पूर्ण उसवत नाहीत.
का, हे मी विचारलं नाही.
पुढची कुणी जाड असेल, एवढंच असावं.

मग डिसेंबर.
व्हरायटी चौकात बसची वाट पाहत होते.
अंगात हातविणीचा स्वेटर, पिस्ता रंगाचा,
चाळीस रुपयांचा.
शेजारच्या बाई कधीच्या माझ्या मनगटाकडे बघत होत्या.
"जरासा हात दाखवता का?"
बाही उलटवली त्यांनी,
चष्मा कपाळावर चढवला,
बोटानं ओळी मोजल्या.
"ही पाहा. इथं दोन टाके सुटले होते.
लाइट गेली होती तेव्हा."

माझ्या अंगावर स्वेटर एकदम जड झाला.
मी बटणांना हात घातला.
घ्या म्हणाले. खरंच घ्या.

त्या हसल्या.
"अवं बाप्पा, चोरी थोडीच गेला होता.
भांडेवालीले मीच देल्ला.
पोरीले टोचत होता.
त्याच्यात अजून दोन साड्या टाकल्या, अन्
दोन लिटरचा गंज घेतला.
अजून दूध त्याच्यातच तापते."

बस आली. माझी नव्हती, त्यांची होती.
पायरीवरून वळून म्हणाल्या,
"वरचं बटण लावत जा.
थंडी गळ्यातूनच शिरते."

आता सकाळी कॉलेजला निघताना
वरचं बटण लावते.
घट्ट आहे, दोन बोटं लागतात.
आणि कुठल्या गल्लीत, मला ठाऊक नाही,
त्याच वेळी एका गंजात
दूध वर येत असेल,
कुणीतरी गॅस बारीक करत असेल.

कपाटात अजून चार हँगर रिकामे आहेत.
बुधवार परवा.